सात सीटांचा ठोकळा

३ मार्च, रविवार

निर्णय झाला. गाडी बदलायची. निर्णय पूर्णपणे माझा. बायकोने फक्त सुचवलं होतं, गेले दहा महिने, रोज.

कारण वैद्यकीय आहे. दीड वर्षापूर्वी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मध्यंतरी ती छान बरी झाली होती. गेल्या मे महिन्यात मी तिला मावशीकडे घेऊनही गेलो होतो. दीडशे किलोमीटर, मध्ये घाट, एक तास पन्नास मिनिटं. आमच्या घराण्यात हा विक्रम अजून अबाधित आहे. पोचल्यावर आई दोन दिवस पडून होती म्हणे. (मी त्याच दिवशी परत फिरलो होतो. एक तास सत्तेचाळीस.) आठ दिवसांनी मावसभावाने तिला आणून सोडलं, आणि तेव्हापासून खुबा पुन्हा दुखायला लागला. एरवी घरभर फिरते, पण पिवळीत बसायचं नाव काढलं की दुखतो.

पिवळी म्हणजे माझी गाडी. दोन दारं, जमिनीपासून वीतभर उंच, आणि रस्त्याला अशी चिकटून जाते की बस. आई म्हणते, तिच्यात बसताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. मान्य. सत्तरी ओलांडलेल्या बाईला विहीर झेपायची नाही.

तर सात सीटांची, उंच, सरकत्या दाराची गाडी. कारण मावशी. आईची थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी, थंडीपासून अंथरुणाला खिळली आहे. दोघी फोनवर बोलतात. मावशीला ऐकू कमी येतं, म्हणून आई ओरडते, मग तिला दम लागतो, मग दोघी नुसता फोन धरून बसतात. आईला एकदा जाऊन तिला भेटायचं आहे. बाकी तिचं काही मागणं नाही.

शब्द दिला. महिन्याच्या आत गाडी दारात, आणि पहिल्याच रविवारी मावशीकडे.

५ मार्च, मंगळवार. ऑफिस, जेवणाची सुट्टी

भावनेच्या भरात गाडी घेणाऱ्यांतला मी नाही. निकष काढले. एकूण गुण शंभर. पिकअप २०. वळणावरची पकड २०. स्टिअरिंग १५. ब्रेक १५. इंजिनचा आवाज १०. दिसणं १०. सीटची उंची ५. इतर (दारं, सामान, माणसं) ५.

पद्धत बरोबर आहे का ते पाहायला आधी पिवळीलाच मार्क दिले. ब्याण्णव. म्हणजे पद्धत बरोबर आहे.

बायकोनेही एक चिठ्ठी दिली. ती लॅबमध्ये रक्त काढते, अक्षर सुवाच्य. तीनच ओळी. एक, सीट आईच्या पलंगाएवढी उंच, वीस इंच. दोन, दार सरकतं. तीन, हादरे नकोत. तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा. हादरे मी 'इतर'मध्ये घातले.

हादऱ्यांबद्दल मला शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखं आहे. बावीस वर्षं मी लिफ्ट तपासतोय. लिफ्ट कधी सुटली आणि कधी थांबली ते आतल्या माणसाला कळता कामा नये, हा आमच्या धंद्यातला पहिला आणि शेवटचा नियम. त्यासाठी यंत्र आहे, जेवणाच्या डब्याएवढं. आम्ही त्याला डबाच म्हणतो. तो लिफ्टच्या तळाला ठेवायचा, वर-खाली करायचं, तो हादऱ्यांचा आलेख काढतो. सोमवारी सगळे आलेख आपोआप रिपोर्टवाल्या बाईंकडे जातात. बाई हिरवा, पिवळा किंवा लाल शिक्का मारतात. लाल म्हणजे लिफ्ट त्याच दिवशी बंद. बाईंशी आजवर कोणी वाद घातलेला नाही.

१० मार्च, रविवार

पहिली टेस्ट ड्राइव्ह. गाडी नव्हे, ठोकळा. स्टिअरिंग फिरवलं की ती आधी विचार करते, मग घरच्यांना विचारते, मग वळते.

शोरूमचा टायवाला बरोबर होता. मी त्याला गोल चौकातून दोनदा फिरवलं, कारण पहिल्यांदा टायरचा आवाज नीट ऐकू आला नाही. परत आल्यावर तो बराच वेळ गाडीतच बसून राहिला. म्हणाला, सर, तुमचा हात फारच बसलेला आहे. जाणकार माणूस वाटला. पुढच्या गाडीच्या वेळी मात्र त्याने दुसऱ्याला पाठवलं.

आईला का नेलं नाही असं बायकोने विचारलं. म्हटलं, उगाच तिला दगदग.

गुण : ३४.

१३ मार्च, बुधवार

घरातल्यांच्या तब्येतीबद्दल समाधान वाटतं. थोरली हल्ली पोहण्याच्या क्लासला चालत जाते. अडीच किलोमीटर. सोडू का म्हटलं तर म्हणते, नको बाबा, चालणं चांगलं. तेरा वर्षांच्या मुलीत एवढी समज.

धाकटा सात वर्षांचा आहे. तो पिवळीत बसताना सायकलचं हेल्मेट घालतो. रेसर होणार. माझ्यावर गेलाय.

दारावरची, हाताने धरायची मूठ बायकोच्या हातात आली. मुळासकट. हल्ली प्लास्टिकचा दर्जा राहिलेला नाही.

१७ मार्च, रविवार

युरेका. गाडी बदलायची गरजच नाही. प्रश्न उंचीचा आहे ना? मग उंची वाढवा. लिफ्टमध्ये भिंतीला लावतात ते जाड फोम गोदामात पडून होतं. त्याचे दोन तुकडे कापले, एकावर एक ठेवले, वर चादर. सीट बरोबर वीस इंच. इंचपट्टीने मोजली. बायकोला बोलावून दाखवली.

आईला बसवलं. डोकं छताला लागलं. थोडं. मान किंचित कलती ठेवली की लागत नव्हतं.

एक फेरी मारली, पुढच्या वळणापर्यंत आणि परत. आईने पूर्ण वेळ डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. वारा एन्जॉय करत होती. उतरल्यावर म्हणाली, बरं आहे, पण ताईकडे नंतर बघू, आज खुबा ठणकतोय.

बायकोने फोम उचलून गॅलरीत टाकलं. कल्पनेला घरात किंमत नाही.

माझा अंदाज : आईलाच मनातून जायचं नाहीये. बहिणीला तशा अवस्थेत बघवणार नाही म्हणून टाळते आहे. हे ओळखायला संवेदनशीलता लागते.

२१ मार्च, गुरुवार

मावसभावाचा फोन. मावशीचं खाणं कमी झालंय. पेज दोन चमचे जाते, तीही कशीबशी. मावशी रोज विचारते, धाकटी कधी येणार. म्हटलं, गाडीचं जवळजवळ ठरलंच आहे.

आईने बॅग भरून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली आहे. त्यात दोन साड्या, औषधं आणि मावशीसाठी विणलेले पायमोजे. म्हणजे माझा अंदाज चुकला, तिला जायचं आहे. मी लगेच म्हटलं, चल, आत्ता निघू पिवळीने, संध्याकाळच्या आत भेटून परत. आई खुर्चीवर बसली, बॅग मांडीवर घेतली, आणि म्हणाली, आज नको.

मग बायको म्हणाली, एक टॅक्सी बोलावू, आम्ही दोघी जाऊन येतो.

हे मात्र मला लागलं. घरात मी जिवंत असताना माझ्या आईला भाड्याचा ड्रायव्हर नेणार? लोक काय म्हणतील? आवाज जरा चढला माझा. आई मध्ये पडली, म्हणाली जाऊ दे, त्याला वाईट वाटेल, थांबू आपण. विषय संपला.

बॅग अजून खुर्चीवर आहे. जाता-येता पायाला लागते.

२४ मार्च, रविवार

आता शास्त्र. वाद हादऱ्यांचा आहे ना? मग हादरेच मोजू. शुक्रवारी ऑफिसचा डबा घरी आणला. (नियमात बसत नाही. पण हेतू शुद्ध आहे.) काल तीन ठोकळ्यांची टेस्ट ड्राइव्ह घेतली, प्रत्येकाच्या तळाशी डबा ठेवून. शोरूमवाल्यांनी आपापला माणूस चालवायला दिला. म्हणाले, नवीन धोरण आहे. तिन्हींचा आलेख झोपलेला. कारण उघड आहे, गाडीत जीवच नाही.

आज पिवळी. बायको आणि मुलं बरोबर, नळाचं सामान आणायला दुकानापर्यंत. डबा बायकोच्या पायाशी. मी नेहमीसारखी चालवली, मुद्दाम काही केलं नाही. उलट जरा जपूनच.

आलेख अजून पाहिला नाही. घाई कशाला, हातच्या काकणाला आरसा कशाला.

२६ मार्च, मंगळवार. ऑफिस

डब्यातलं पुसायचं राहिलं. सगळं काल बाईंकडे गेलं.

बाईंनी टेबलाशी बोलावून घेतलं. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय, आवाज कधी चढत नाही. आजही चढला नाही. म्हणाल्या, चार नोंदींना इमारतीचा नंबर नाही. शनिवारच्या तीन ठीक आहेत, पण रविवारची एक बघा. ही लिफ्ट कुठली? मी म्हटलं, चाचणी होती. म्हणाल्या, आत माणसं होती का? मी खोटं बोलत नाही. चार, म्हटलं. त्यातली दोन मुलं.

त्यांनी चष्मा काढला. बावीस वर्षांत मी त्यांना चष्म्याशिवाय पाहिलं नव्हतं.

मग खरं सांगितलं. लिफ्ट नाही, माझी गाडी आहे. डब्याचा गोंधळ झालाय, लिफ्ट उभी जाते, गाडी आडवी जाते. बाई म्हणाल्या, मला दिशा दिसत नाही, मला हादरे दिसतात. आणि नेहमीच्या कागदावर लाल शिक्का मारून कागद माझ्या हातात दिला. प्रवाशांसाठी अयोग्य. तत्काळ बंद करावी.

गाड्यांवर शिक्का मारायचा अधिकार बाईंना नाही. मी नियमावली बघितली. कुठेही नाही.

२८ मार्च, गुरुवार

पँट धुवायला टाकताना खिशातला कागद बायकोला सापडला. तिने तो वाचला, आणि फ्रिजला लावला. मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकाशेजारी. माझ्या कामाबद्दल तिला एवढा अभिमान आहे हे माहीत नव्हतं.

थोरलीने तो आईला वाचून दाखवला. धाकट्याने विचारलं, अयोग्य म्हणजे काय. मी म्हटलं, हे लिफ्टबद्दल आहे बाळा.

झोप नीट लागली नाही. उशीचा दोष.

३१ मार्च, रविवार

शब्द पाळला. महिन्याच्या आत गाडी ठरली. (दारात नाही, पण ठरली.)

टायवाला म्हणाला, पांढरी साधी गाडी तयार आहे, चार दिवसांत मिळेल. पण तीच गाडी 'स्पोर्ट'मध्येही येते. मोठी चाकं, बाजूने लाल पट्टा, सीटला लाल शिलाई, आणि डॅशबोर्डवर एक बटण, त्याच्यावर लिहिलेलं : स्पोर्ट. ते दाबून काय होतं? म्हणाला, तसं विशेष काही नाही सर, काट्यांचा रंग बदलतो. मला तेवढं पुरे. माणसाने कुठेतरी स्वतःसाठी श्वास ठेवावा. मी सात सीटा पत्करल्या, सरकतं दार पत्करलं, एक बटणही मागू नये?

स्पोर्ट मिळेल पाच आठवड्यांनी. तीच बुक केली.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, पाच आठवडे? म्हटलं, चांगल्या गोष्टीला वेळ लागतो. ती आईकडे बघत राहिली. आई म्हणाली, तुझी मर्जी. मोठ्या मनाची आहे.

७ एप्रिल, रविवार

विशेष काही नाही. टायवाल्याला तीनदा फोन. त्याने एकदा उचलला.

आईने बॅगेतल्या औषधांची तारीख तपासली आणि परत भरली.

१२ एप्रिल, शुक्रवार

मावशीला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. आज घरी आणली. मावसभाऊ म्हणाला, बोलणं बंदच झालंय जवळजवळ. कधी एखादा शब्द. ओळखते, पण बोलायला जोर लागतो, तो नाही उरला.

आईने फोन लावायला सांगितला. पलीकडे मावशीच्या कानाला धरला असावा. आई बोलत राहिली. मोजे विणलेत, निळे आहेत, सैल आहेत, टाचेला टोचणार नाहीत. पलीकडून काही नाही. आई गप्प झाली तरी फोन कानालाच. फोन बंद झालाय हे मला दिसत होतं, पण सांगवेना.

मला वाईट वाटलं. खरोखर वाटलं, इथे लिहायला हरकत नाही. गॅलरीत जाऊन टायवाल्याला झापलं. त्याच्यामुळे हे होतंय.

१४ एप्रिल, रविवार

संकल्प : पिवळीनेच जायचं, पण चाळीसने. आईला तसा शब्द द्यायचा. त्याआधी सराव म्हणून पहाटे एकटा बाहेर पडलो.

चाळीसने अकरा मिनिटं चालवली. मग एका दूधवाल्याच्या टेम्पोने मला ओव्हरटेक केलं. टेम्पोने. दुधाच्या. पुढचं मला नीट आठवत नाही. पायाचं आपलं एक शहाणपण असतं.

आईला शब्द दिला नाही. खोटा शब्द देण्यापेक्षा न दिलेला बरा.

१९ एप्रिल, शुक्रवार

बायकोने दुपारच्या सुट्टीत परस्पर शोरूममध्ये जाऊन स्पोर्ट रद्द केली आणि पांढरी साधी घेतली. बुधवारी मिळणार. बुकिंग दोघांच्या नावावर आहे, तिची सही चालते, हे माझ्या लक्षात नव्हतं.

माझ्याही मनात तेच आलं होतं. ती फक्त आधी पोचली.

बटण गेलं.

२४ एप्रिल, बुधवार

ठोकळा आला. आडव्या पाडलेल्या फ्रिजसारखा दिसतो. शेजारचे काका बघायला आले, दार सरकवून बघितलं, पुन्हा सरकवून बघितलं, म्हणाले छान, दुकान टाकताय का.

आईला शोरूमवर घेऊन गेलो होतो, म्हणजे बायको रिक्षाने घेऊन आली होती. आई पुढच्या सीटवर बसली ती पलंगावर बसावी तशी, एका दमात. दोन्ही पाय उचलून आत घेतले, एकदाही कण्हली नाही. तिने डॅशबोर्डवरून हात फिरवला. हसली. खूप दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं, आणि मला वाटलं, झालं, जिंकलो आपण.

घरापर्यंत तीन किलोमीटर मी चालवली. शेवटच्या सरळ पट्ट्यात जरा दाबून बघितली. जरा. कळायला नको का, जीव किती आहे? आईची पर्स मागच्या सीटखाली गेली. वळणावर ठोकळा पोटातून डुलतो, पिवळी असती तर नसती डुलली.

घरी आल्यावर मी दार उघडायला जाईपर्यंत आई उतरूनही गेली होती. खुबा पुष्कळ सुधारलाय.

२७ एप्रिल, शनिवार. सकाळ

उद्या! सहाला निघायचं. वेळापत्रक केलं. टोलपर्यंत पस्तीस मिनिटं, घाट बावीस मिनिटं, थांबा एक, चहा नाही. फ्रिजवर बाईंच्या कागदाशेजारी लावलं. ठोकळा असला तरी दोन तासांत नेऊन दाखवतो.

तोच दिवस. संध्याकाळ

आई म्हणाली, उद्या जमेलसं वाटत नाही. खुबा.

माझा तोल गेला. लिहून ठेवतो, कारण गेला. म्हटलं, सीट वीस इंच आहे, दार सरकतं, तुझ्यासाठी मी पिवळीचा विचार सोडला, सात सीटांचा ठोकळा दारात आणून उभा केला. आता अजून काय करू? तुला ताईला भेटायचंय की नाही?

आई बॅगेशेजारी उभी होती. म्हणाली,

"गाडी चांगली आहे रे. खुबाही कधीचा बरा आहे. मला तुझ्या चालवण्याची भीती वाटते."

मी हसलो. मला वाटलं, ती गंमत करते आहे.

म्हणाली, मे महिन्यात घाटात तिने आमची सगळ्यांची नावं एकेक करून घेतली होती, पुन्हा दिसतील की नाही म्हणून. ताईच्या घरी दोन दिवस उठली नाही ती दुखण्याने नव्हे, पाय कापत होते म्हणून. मला सांगायचं तिच्या जिवावर आलं, कारण मला गाडीची एवढी हौस. मग खुबा दुखतो म्हणाली. सुनेला ते लगेच कळलं. सुनेला वाटलं, मोठी गाडी आली की मी आपोआप हळू चालवेन.

मी बायकोकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पुसत. थोरली अभ्यासाच्या टेबलावरून उठली नाही, पण पेन थांबलं होतं. धाकटा म्हणाला, मलापण भीती वाटते, मी म्हणून हेल्मेट घालतो.

अकरा महिने घरात सगळ्यांनी मिळून एक बरा झालेला खुबा दुखता ठेवला होता. माझ्यासाठी.

मी म्हटलं, मला कोणी सांगितलं का नाही? फ्रिजसमोर मीच उभा होतो. कागद डोळ्यांसमोर होता.

२८ एप्रिल, रविवार. सकाळी ८.१०, घाट

तिसऱ्या रांगेत बसून लिहितोय. अक्षर चांगलं येतंय, एवढंच नोंदवतो.

बायको चालवते आहे. लायसन्स तिच्याकडे बारा वर्षं आहे. मी स्वतःहून मागे बसलो, सामानावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच. सामान म्हणजे एक बॅग.

वेग बेचाळीस. आम्हाला आतापर्यंत दोन ट्रकनी, एका बसने आणि एका स्कूटरवाल्याने मागे टाकलं. स्कूटरवर मागे एक आजी बसल्या होत्या. मी खिडकीकडे पाठ केली. उजवा पाय पुढच्या सीटच्या लोखंडावर दाबला जातोय, त्याला अजून बातमी कळलेली नाही. दोन वळणं तिने फार लवकर ब्रेक लावून घेतली, मी सांगणार होतो, पण थोरलीने मागे वळून बघितलं.

धाकटा हेल्मेटशिवाय बसलाय. गाणं म्हणतोय.

आई झोपली आहे. पुढच्या सीटवर, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. मी आईला गाडीत झोपलेलं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, तिला प्रवासात झोप येत नाही.

मी तिला उठवलं नाही. घाटातून दिसणारी दरी तिला फार आवडते, पण नाही उठवलं.

तोच दिवस. दुपारी ३, मावशीच्या घराबाहेर, गाडीत

पोचायला तीन तास दहा मिनिटं लागली. कोणालाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

मावशी फार बारीक झाली आहे. पलंगावर आहे की नाही ते चादर सरकवल्याशिवाय कळू नये अशी. लहानपणी सुट्टीत हिने मला कडेवर घेऊन दिवसदिवस फिरवलंय, असं आई सांगते. मावसभाऊ म्हणाला, चार दिवसांत एक अक्षर बोललेली नाही, डोळे उघडते तेवढंच.

आई तिच्या उशाशी बसली. मोजे घातले. हात हातात घेतला आणि म्हणाली, ताई, मी आलेय. अकरा महिन्यांचं किती साठलं असेल तिच्याकडे, पण तेवढंच म्हणाली आणि थांबली. आम्ही सगळे पलंगाभोवती उभे. मी पायाशी.

मावशीने डोळे उघडले. आईला ओळखलं, ते स्पष्ट दिसलं. मग नजर हळूहळू फिरत माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. ओठ हलायला लागले. मावसभाऊ खाली वाकला. सगळी ताकद गोळा करून ती बोलली, आणि खोलीत सगळ्यांना ऐकू आलं.

"हाच चालवत होता का?"

आई म्हणाली, नाही गं, सून चालवत होती. मावशीने डोळे मिटले. चेहरा सैल झाला. आईचा हात तिने सोडला नाही.

त्यानंतर पाच तास आई बोलते आहे, मावशी ऐकते आहे, असं आपण समजायचं. पुन्हा काही बोलली नाही. मावसभाऊ म्हणाला, आता बोलेल असं वाटत नाही.

आईला बहिणीचं एक वाक्य मिळालं. तेही माझ्याबद्दल.